करखात्याचे क्रमांक आणि आपला नवा व्यवसाय

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात मिरज येथे दिलेले भाषण)



आजच्या संमेलनात एखाद्या वाङ्मयीन अथवा सांस्कृतिक विषयावर मी बोलावे अशी आपल्यापैकी पुष्कळांची अपेक्षा असणार. चिटणीसांनी मला विषयाचे स्वातंत्र्य दिले होते. त्या स्वातंत्र्याचा उपयोग मी जरा निराळ्या प्रकारे करणार आहे. नवा लहान व्यवसाय सुरू करणाऱ्या माणसाच्या हाती सरकारी करखात्याची जी कागदपत्रे येतात, ती वाचावी कशी आणि समजून घ्यावी कशी, एवढाच माझा आजचा विषय. विषय रुक्ष आहे हे मी जाणतो. परंतु ज्याच्या अज्ञानाने घरातली शांती नाहीशी होते तो विषय रुक्ष म्हणून टाळता येत नाही.

मी वकील नव्हे, सनदी लेखापालही नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि आयुष्य शाळेत गेलेले. मुलांना वाचावयास शिकविणे हाच माझा धंदा. निवृत्तीनंतर आपल्याच ज्ञातीतील तरुण मुले, क्वचित त्यांच्या आयाही, "गुरुजी, एवढा कागद काय म्हणतो ते सांगा" असे म्हणत घरी येऊ लागल्या. त्या निमित्ताने मीही वाचू लागलो, जाणकारांना विचारू लागलो. हा कागद वाचणे म्हणजे देखील एक वाचनच होय, आणि साक्षर माणसाला ते येऊ नये असे त्यात काही नाही, असे माझे मत झाले आहे.

आपल्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय शिवणकामाचा. आजोबांच्या काळी एक यंत्र, एक कातर, एक गज आणि ओळखीची गिऱ्हाइके एवढे भांडवल पुरत असे. हिशेब भिंतीवर खडूने किंवा लाल वहीत. मोठ्या कापड दुकानदाराला १९५९ च्या मुंबई विक्रीकर कायद्याची, आणि पुढे १ एप्रिल २००५ पासून मूल्यवर्धित कराची कागदपत्रे सांभाळावी लागत. शहरात येणाऱ्या मालावर जकात असे आणि नाक्यावरची पावती जपून ठेवावी लागे. तथापि यंत्रावर बसलेल्या कारागिराचा या सर्वांशी संबंध फारसा येत नसे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि अनेक जुने कर त्यात विलीन झाले. आता आपला मुलगा कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन शाळांचे गणवेश शिवतो, बँकेकडे कर्ज मागतो, परगावी माल पाठवितो. पहिल्याच दिवशी त्याला विचारतात, "तुमचा नंबर काय ?" कोणता नंबर, हेच त्याला ठाऊक नसते. मग दोन गोष्टी घडतात. भित्रा मुलगा धंदाच सुरू करीत नाही, आणि धीट मुलगा न वाचता सही करतो. या दोहोंपैकी अधिक नुकसान कशाने होते ते सांगणे कठीण आहे.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. क्रमांक म्हणजे कर नव्हे. क्रमांक ही ओळख आहे. शाळेच्या हजेरीपटावर मुलाचा क्रमांक असतो, त्यावरून त्याची फी किती हे ठरत नाही. त्याचप्रमाणे क्रमांक घेतला म्हणून कर द्यावाच लागतो असे नाही, आणि क्रमांक घेतला नाही म्हणून देय असलेला कर चुकतो असेही नाही. सरकार तीन निरनिराळे प्रश्न विचारते. तू कोण आहेस ? तू काय विकतोस आणि कोठे विकतोस ? तू कोठे बसतोस आणि तुझ्या हाताखाली कोण आहे ? प्रत्येक प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक क्रमांक. हे प्रश्न वेगळे ठेवले म्हणजे गोंधळ निम्मा संपतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे आयकर खात्याचा कायम खाते क्रमांक, ज्याला आपण सर्व पॅन म्हणतो. तो दहा स्थानांचा असतो. आधी पाच इंग्रजी अक्षरे, नंतर चार आकडे, शेवटी एक अक्षर. यातील चौथे अक्षर नीट पाहावे. तेथे 'पी' असेल तर तो क्रमांक एका व्यक्तीचा आहे. 'एफ' असेल तर भागीदारी संस्थेचा, 'सी' असेल तर कंपनीचा, 'एच' असेल तर हिंदू अविभक्त कुटुंबाचा, 'टी' असेल तर विश्वस्त संस्थेचा. व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर तिच्या आडनावाचे आद्याक्षर असते. घरी गेल्यावर आपापले पत्र काढून पाहा, म्हणजे हे तत्काळ पटेल.

आता पुष्कळांना पडणारा प्रश्न असा की दुकानाचे पॅन वेगळे काढावे काय ? दुकान एकट्या माणसाच्या मालकीचे असेल, तर नाही. दुकानाच्या पाटीवर कोणतेही नाव असो, कायद्याच्या दृष्टीने मालक आणि दुकान एकच. मालकाचेच पॅन दुकानाला लागते. दुसरे काढले तर एका माणसाकडे दोन पॅन झाले असा अर्थ होतो आणि त्यास १०,००० रुपये दंड होऊ शकतो. परंतु दोघा भावांनी भागीदारी केली, तर ती संस्था ही तिसरी व्यक्ती ठरते. तिला स्वतःचे पॅन घ्यावे लागते आणि त्यासाठी भागीदारीचा लेख असावा लागतो. आपल्याकडे थोरल्या भावाच्या नावावर सर्व काही असते आणि धाकटे दोघे "आमचेच आहे" म्हणून वर्षानुवर्षे राबतात. प्रेम आहे तोवर हे शोभते. करखात्याच्या कागदावर मात्र सर्व उत्पन्न थोरल्याचे आणि धाकट्यांचे शून्य. पुढे धाकट्याला घरासाठी कर्ज हवे असते तेव्हा बँक त्याचे विवरणपत्र मागते आणि त्याच्याजवळ ते नसते. भागीदारी असेल तर ती लिहून काढावी. त्याने प्रेम कमी होत नाही.

पॅन आधाराशी जोडलेले असावे लागते. ज्यांनी जोडले नाही त्यांचे पॅन १ जुलै २०२३ पासून निष्क्रिय ठरले, आणि निष्क्रिय पॅन असणाऱ्याच्या रकमेतून अधिक दराने करकपात होते. जोडताना जी अडचण येते ती बहुधा नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारपत्रावर शेवटी, इंग्रजी लेखनात एकीकडे एक अक्षर जास्त, एकीकडे कमी. लग्नानंतर मुलीचे आधार सासरच्या नावाने झालेले असते आणि पॅनवर माहेरचे आडनाव तसेच राहते. ही विसंगती लहान वाटते, पण यंत्राला ती कळत नाही, ते अर्ज परत पाठविते. म्हणून धंदा सुरू करण्यापूर्वी नाव, जन्मतारीख आणि वडिलांचे नाव ही सर्व कागदांवर अक्षरशः सारखी करून घ्यावीत. हे काम आधी केले तर पुढची सर्व कामे सोपी जातात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे वस्तू व सेवा कराचा क्रमांक. हा पंधरा स्थानांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे. महाराष्ट्राचे २७, कर्नाटकाचे २९, गोव्याचे ३०. त्यापुढील दहा स्थाने म्हणजे मालकाचे पॅन जसेच्या तसे. तेराव्या स्थानावरून त्याच पॅनवर त्या राज्यातील ही कितवी नोंदणी आहे ते समजते. चौदाव्या ठिकाणी बहुधा 'झेड' असतो आणि पंधरावे स्थान पडताळणीचे. हे ज्ञान केवळ कुतूहलाचे नाही. समजा, कोणी व्यापारी आपणास २७ ने आरंभ होणारे बिल देतो आणि माल मात्र बेळगावाहून त्याच्याच तेथील दुकानातून आला असे सांगतो, तर प्रश्न विचारावा. बिलावर कर लावला आहे पण क्रमांकच नाही, तर पैसे देण्यापूर्वी थांबावे. ज्याने नोंदणी केलेली नाही त्याला कर या नावाने एक पैसाही गिऱ्हाइकाकडून घेता येत नाही. कोणताही क्रमांक खरा आहे की खोटा, हे सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते.

नोंदणी केव्हा आवश्यक ? येथे आपल्या ज्ञातिबांधवांनी विशेष लक्ष द्यावे. जो केवळ वस्तू विकतो त्याची वर्षाची एकूण उलाढाल ४० लाख रुपयांच्या पुढे गेली म्हणजे महाराष्ट्रात त्याला नोंदणी करावी लागते. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासूनची आहे. जो सेवा देतो त्याच्यासाठी मर्यादा २० लाखांची. आता शिंप्याचे काय ? गिऱ्हाइकाने आणलेले कापड शिवून देणे ही सेवा. स्वतःचे कापड आणून तयार कपडे विकणे ही वस्तूंची विक्री. आपली बहुतेक दुकाने दोन्ही करतात. ४० लाखांची सवलत केवळ वस्तूच विकणाऱ्यास आहे. जो दोन्ही करतो त्याने २० लाखांचीच मर्यादा आपली समजावी. "अजून चाळीस कुठे झाले ?" असे म्हणून स्वस्थ बसणारा दुकानदार पंचविसाव्या लाखावर अडचणीत येतो. शिवाय उलाढाल म्हणजे नफा नव्हे. गल्ल्यात आलेली सर्व विक्री म्हणजे उलाढाल, आणि एकाच पॅनवर चाललेल्या सर्व दुकानांची, सर्व राज्यांतली, ती एकत्र मोजतात. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांच्या आत अर्ज करावयाचा असतो.

मिरजकरांना आणखी एक गोष्ट समजून घेणे भाग आहे, ती म्हणजे सीमा. म्हैसाळ ओलांडले की कागवाड, आणि कागवाड म्हणजे कर्नाटक. आपल्याला ते शेजारचे गाव वाटते. सोयरीक तेथे, बाजार तेथे. परंतु वस्तू व सेवा कराच्या दृष्टीने मिरजेहून कागवाडला माल पाठविणे आणि मिरजेहून आसामला पाठविणे यांत काही भेद नाही. दोन्ही आंतरराज्य पुरवठेच. करपात्र वस्तू परराज्यात विकणाऱ्याला उलाढाल कितीही कमी असली तरी, काही थोडे अपवाद सोडल्यास, पहिल्या रुपयापासून नोंदणी आवश्यक असते. म्हणजे स्वतःचे कापड घालून शिवलेले पन्नास गणवेश कागवाडच्या शाळेत पोहोचविणारा दुकानदार नोंदणीस पात्र होतो, आणि तेच पन्नास गणवेश मिरजेतील शाळेला देणारा होत नाही. शाळेने कापड दिले आणि आपण केवळ शिवून दिले, तर ती सेवा होते आणि सेवेपुरती २० लाखांची सवलत परराज्यातही मिळते. कागवाडचे गिऱ्हाईक मिरजेच्या दुकानी येऊन रोख देऊन कपडे घेऊन गेले, तर तो व्यवहार सामान्यतः मिरजेतलाच. सीमेवर राहणाऱ्या माणसाने माल कोठे सुपूर्द होतो याची नोंद ठेवावी, ती याचसाठी.

नोंदणी झाल्यावर लहान व्यापाऱ्यास दोन मार्ग असतात. एक नेहमीचा. गिऱ्हाइकाकडून कर घ्यावा, आपण खरेदीवर भरलेला कर त्यातून वजा करावा, बाकी सरकारात भरावी. दुसरा आपसमेळ योजनेचा, जिला व्यापारी कंपोझिशन म्हणतात. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेला उत्पादक अथवा व्यापारी उलाढालीच्या १ टक्का कर भरून मोकळा होऊ शकतो. केवळ सेवा देणाऱ्यांसाठी ५० लाखांपर्यंत ६ टक्क्यांची सोय आहे. यात हिशेब सोपा, परंतु बंधने आहेत. बिलावर कर वेगळा दाखविता येत नाही, खरेदीवरचा कर वजा मिळत नाही, आणि परराज्यात माल विकता येत नाही. ज्याचे गिऱ्हाईक घरगुती आहे आणि गावातलेच आहे त्याला हा मार्ग मानवतो. ज्याचे गिऱ्हाईक स्वतः व्यापारी आहे त्याला तो मानवत नाही, कारण त्या व्यापाऱ्यास कराची वजावट हवी असते आणि ती न मिळाल्यास तो दुसरीकडे वळतो.

मर्यादेच्या आत असूनही स्वेच्छेने नोंदणी करता येते. ती करावी काय, याचा विचार मात्र शांतपणे करावा. एकदा नोंदणी झाली की ठरल्या मुदतीत विवरणपत्र भरणे आलेच, मग त्या काळात एक रुपयाची विक्री नसली तरी. शून्य व्यवहाराच्या विवरणपत्रासही विलंब झाला तर दिवसास २० रुपयांप्रमाणे विलंब शुल्क चढते. अनेक तरुण उत्साहाने क्रमांक घेतात, धंदा चार महिन्यांत बंद पडतो, आणि क्रमांक मात्र चालूच राहतो. दुकानाला कुलूप लावले म्हणजे नोंदणी बंद झाली असे नव्हे. ती रद्द करण्यासाठी वेगळा अर्ज, आणि त्यानंतर अंतिम विवरणपत्र, हे दोन्ही करावे लागते. दार उघडण्याइतकेच दार लावून घेणेही शिकले पाहिजे.

तिसऱ्या प्रश्नाची उत्तरे लहान लहान आहेत. दुकान कोठे आणि नोकर किती, याविषयी महाराष्ट्राचा दुकाने व आस्थापना कायदा २०१७ चा आहे. थोडे कामगार असलेल्या दुकानाने केवळ सूचना द्यावयाची असते. तिलाच आपण अजून जुन्या सवयीने शॉप ॲक्टचे लायसन म्हणतो. दुसरा व्यवसाय कर. तो १९७५ च्या राज्य कायद्याचा. त्याचे दोन क्रमांक असतात, एक मालकाने स्वतःबद्दल भरावयाचा आणि दुसरा नोकरांच्या पगारातून कापून भरावयाचा. राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाप्रमाणे एका व्यक्तीवर हा कर वर्षास २,५०० रुपयांहून अधिक लावता येत नाही. तिसरा टॅन. दुसऱ्याला रक्कम देताना आयकर कापून ठेवणाऱ्याचा हा क्रमांक, चार अक्षरे, पाच आकडे आणि एक अक्षर असा दहा स्थानांचा. एकट्या मालकाला आदल्या वर्षी धंद्याची उलाढाल एक कोटीच्या आत असेल तर बहुधा त्याची गरज पडत नाही. भागीदारी संस्थेने मात्र सावध असावे. १ एप्रिल २०२५ पासून भागीदाराला दिलेले वेतन, व्याज इत्यादी वर्षात २०,००० रुपयांच्या पुढे गेले तर त्यातून १० टक्के कपात करण्याची तरतूद आली आहे.

चौथा एक कागद आहे, तो कराचा नाही, पण लोक त्याला कराचा समजून घाबरतात. तो म्हणजे उद्यम नोंदणी. १ जुलै २०२० पासून ती चालू आहे. आधाराच्या आधारे, स्वतःच्या निवेदनावर, विनामूल्य होते आणि तिचे नूतनीकरण करावे लागत नाही. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग 'सूक्ष्म' समजला जातो. म्हणजे या सभागृहातील बहुतेक सर्व. तिचा मोठा लाभ असा की सूक्ष्म अथवा लहान उत्पादकाकडून माल घेणाऱ्याने लेखी करार असल्यास ४५ दिवसांच्या आत, आणि करार नसल्यास १५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, असे २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे. गणवेश जूनमध्ये देऊन पैशासाठी दिवाळीपर्यंत खेटे घालणाऱ्या आपल्या बांधवांनी हे लक्षात ठेवावे. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यास ही नोंदणी मिळते ती बँकेच्या कर्जापुरती. हा उशिराच्या पैशाचा लाभ कारागिराचा आणि उत्पादकाचा आहे.

आता धोक्यांविषयी. पहिली गोष्ट, वस्तू व सेवा कराच्या नोंदणीस सरकारी शुल्क नाही, उद्यम नोंदणीस नाही. जाणकाराकडून काम करून घेतले तर त्याच्या श्रमाचे पैसे जरूर द्यावे, पण ते त्याचे मानधन आहे, सरकारची फी नव्हे, हे समजून द्यावे. हा प्रकार आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत धंदेवाल्यास नऊ आकडी एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर तेथील आयकर खाते विनामूल्य देते, तरीही तो काढून देण्याचे डॉलर घेणारे मध्यस्थ तेथेही आहेत. ज्यांची मुले तिकडे व्यवसाय करीत आहेत त्यांनी त्यांना हे अवश्य कळवावे.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्याच ज्ञातीतील एक होतकरू मुलगा नोकरीच्या शोधात होता. कोणा परिचिताने त्याला सांगितले, "तुझे आधार, पॅन आणि घराचे वीजबिल दे, मोबाईलवर आलेला आकडा सांग, महिन्याला काही हजार मिळतील." मुलाने दिले. त्याच्या नावाने एक व्यापारी पेढी उघडली गेली. तिने मालच न देता लाखो रुपयांची बिले फाडली आणि ती नाहीशी झाली. नोटीस आली ती मुलाच्या घरी. वडील दोन यंत्रांवर घर चालविणारे. त्यांना नोटीस वाचता आली नाही, पण तिच्यातला आकडा वाचता आला. त्या घराने पुढे किती महिने काय सोसले ते मी येथे सांगत नाही. हे एका घराचे दुर्दैव नव्हे. खोट्या नोंदण्या शोधण्यासाठी १६ मे २०२३ पासून दोन महिने देशभर विशेष मोहीम घ्यावी लागली आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा घ्यावी लागली, इतका हा रोग पसरला होता. तेव्हा मोबाईलवर येणारा आकडा म्हणजे आपली सही आहे असे समजा. आपल्या पॅनवर कोणी नोंदणी केली आहे काय, हे वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर पॅन घालून कोणासही पाहता येते. वर्षातून दोनदा ते पाहावे. अर्जावर मोबाईल क्रमांक आणि ई-मेल आपलाच असावा, मध्यस्थाचा नसावा. नोटीस तेथेच येते, आणि मध्यस्थ दुकान बदलून गेला तर ती आपल्याला कधीच कळत नाही.

भगिनींना उद्देशून दोन शब्द. पुष्कळ दुकाने आज पत्नीच्या अथवा आईच्या नावावर आहेत. कोणी कर्जाच्या सवलतीसाठी केली, कोणी अन्य कारणासाठी. त्यात वावगे नाही. परंतु जिच्या नावावर दुकान आहे तिला त्याचा क्रमांक, बँकेचे खाते आणि विवरणपत्रातले आकडे ठाऊक नसतील, तर ती मालकीण नव्हे, केवळ सही आहे. जबाबदारी मात्र कायद्याने तिचीच. आपल्या नावाने काय भरले गेले ते पाहण्याचा आपणास पूर्ण अधिकार आहे. तो मागताना संकोच करू नये.

आणि जे कोणास बोलावयास आवडत नाही तेही बोलतो. एकट्या मालकाचे निधन झाले म्हणजे त्याचे पॅन मुलाला वारशाने मिळत नाही, आणि पॅन मिळत नाही म्हणून त्या पॅनवर उभारलेला वस्तू व सेवा कराचा क्रमांकही मिळत नाही. मुलाने त्याच पाटीखाली, त्याच गल्ल्यावर बसून, वडिलांच्याच क्रमांकाची बिले देत राहणे बरोबर नव्हे. वारसाने स्वतःच्या पॅनवर नवी नोंदणी घ्यावी, वडिलांची रद्द करून घ्यावी, आणि शिल्लक राहिलेली कराची वजावट विहित नमुन्यात आपल्याकडे वर्ग करून घ्यावी. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही. म्हणूनच ते आधी माहीत असावे.

आयकराचा १९६१ चा कायदा जाऊन २०२५ साली संमत झालेला कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू व्हावा असे ठरले, त्यामुळे कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात. मर्यादा आणि दरही काळाप्रमाणे बदलत राहतात. तेव्हा मी आज सांगितलेले आकडे पाठ करण्यापेक्षा प्रश्न पाठ करा. मी कोण, काय विकतो, कोठे विकतो, कोठे बसतो, कोण हाताखाली आहे. कलमे बदलली तरी हे प्रश्न राहणारच. अर्ज करावयाच्या दिवशी दर व मर्यादा जाणकाराकडून पडताळून घ्याव्या.

शेवटी मंडळापुढे तीन सूचना नम्रपणे मांडतो. पहिली, महिन्यातून एका रविवारी मंडळाच्या कार्यालयात आपल्या ज्ञातीतील सनदी लेखापाल व कर सल्लागार यांनी दोन तास बसावे आणि नवा धंदा काढणाऱ्या मुलामुलींचे कागद विनामूल्य पाहावे. दुसरी, विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाबरोबरच जो तरुण पहिल्या वर्षाची सर्व विवरणपत्रे मुदतीत भरील त्याचाही या व्यासपीठावर सत्कार व्हावा. तिसरी प्रत्येक घरासाठी. एक फाईल करा. तीत पॅन, आधार, जागेचा पुरावा, जागा वडिलांच्या नावावर असल्यास त्यांचे संमतिपत्र, नोंदणीची प्रमाणपत्रे आणि भरलेल्या प्रत्येक विवरणपत्राची पोच क्रमाने लावा. ती कोठे आहे हे घरातील किमान दोन माणसांस ठाऊक असू द्या.

आपले वाडवडील कापड कापण्यापूर्वी दोनदा माप घेत असत, कारण एकदा कातर चालली की कापड परत जोडता येत नाही. सहीचेही तसेच आहे. आपल्या मुलांनी मोठे व्यवसाय करावेत, परराज्यात आणि परदेशात माल पाठवावा, आणि सरकारी कागद हाती येताच त्यांचा हात थरथरू नये, एवढीच या वृद्ध शिक्षकाची इच्छा आहे.